पाहण्यासारखे काही नाही

कुंभिवलीला पाहण्यासारखे काय आहे, असा प्रश्न खालापूर तालुक्यातल्या कोणत्याही चहाच्या टपरीवर विचारून पाहावा. उत्तर ठरलेले आहे: "काही नाही हो." विचारणारा मुंबईकर असेल तर त्याला या उत्तराने वाईट वाटत नाही, उलट सुटल्यासारखे वाटते. तो मोटार वळवतो आणि यादीतल्या पुढल्या ठिकाणाकडे निघतो. उत्तर देणाराही खोटे बोललेला नसतो. लहानपणापासून त्याला हेच शिकवण्यात आले आहे की पाहण्यासारखे जे असते ते दुसरीकडे असते. त्याला पाटी असते, मोटारी उभ्या करायला पटांगण असते आणि बहुधा तिकीटही असते.

माझे भांडण या यादीशी आहे. 'प्रेक्षणीय स्थळे' या नावाची ही यादी कोणी केली आणि कधी केली याचा पत्ता लागत नाही. पण माहितीपुस्तिकेत, हॉटेलाच्या भिंतीवर आणि शाळेच्या सहलीच्या पत्रकात ती एकसारखी भेटते. कर्जत-खालापूरच्या यादीत माथेरान असते, महडचा वरदविनायक असतो, एखादा धबधबा असतो, कोंडाण्याची लेणी कधी असतात आणि कधी नसतात. उरलेली जागा गेल्या काही वर्षांत करमणुकीच्या बागांनी आणि शेतघरांनी भरून काढली आहे. कुंभिवलीसारख्या गावाचे नाव त्यात दुर्बीण लावूनही सापडायचे नाही.

वरदविनायकाबद्दल माझी तक्रार नाही. रामजी महादेव बिवलकरांनी १७२५ साली बांधलेल्या त्या देवळात माणसे श्रद्धेने जातात, यादी वाचून जात नाहीत. माथेरानबद्दल मात्र आहे. यादीत माथेरानपुढे दोन ओळींचा इतिहास दिलेला असतो: ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी १८५० साली माथेरानचा 'शोध' लावला. हे साहेब वर चढले ते खालापूर तालुक्यातल्या चौक गावाच्या बाजूने. त्या डोंगरावर धनगर, ठाकर आणि कातकरी किती पिढ्या वावरत होते हे त्यांनाही दिसले असणार. पण यादीच्या हिशेबी डोंगर हरवलेला होता आणि तो साहेबाला सापडला! स्वातंत्र्य मिळून पाऊणशे वर्षे उलटली तरी 'शोध' हा शब्द तिथून हटत नाही. यादी करणारे लोक आळशी असतात एवढेच यावरून सिद्ध झाले असते तर मी लेखणी उचलली नसती. माझा आरोप याहून मोठा आहे. या यादीत नसणे म्हणजे नुसते दुर्लक्षित असणे नव्हे. यादीत नसलेली वस्तू पाडायला मोकळी असते, आणि यादीत नसलेल्या माणसांच्या जिवाचीही तीच गत होते. दोन्ही गोष्टी याच तालुक्यात, चार वर्षांच्या आत, आपल्या डोळ्यांदेखत घडल्या आहेत.

पण आधी कुंभिवलीविषयी. या पट्ट्यातल्या गावांची नावे एकदा मोठ्याने वाचावीत. आंबिवली, जांभिवली, कुंभिवली. आणि खिंडीचे नाव उंबरखिंड. शेवटचे 'वली' म्हणजे जुनी 'पल्ली', वस्ती. आणि आधी झाड. आंबा नि जांभूळ सर्वांच्या ओळखीची. कुंभिवलीतला कुंभा शहरातल्या वाचकाला ठाऊक नसेल. पानझडीच्या रानात वाढणारे, रुंद पानांचे, हिरवट गोल फळाचे हे झाड. त्याच्या सालीतून चिवट तंतू निघतात, आणि त्या तंतूंचे तोडे वळून पूर्वी तोड्याच्या बंदुकीला लावीत. ठिणगी धरून ते सावकाश जळत राहतात. म्हणजे किल्ल्यावरच्या बंदुकीला विस्तव पुरवणारे हे झाड. किल्ला यादीत आहे. ज्याच्या सालीवर किल्ल्याची बंदूक चालायची ते झाड आणि त्या झाडाचे नाव सांगणारे गाव 'काही नाही' या सदरात. गावाचे नाव ही वास्तू नव्हे, हे मला समजते. पण दगडी वास्तूइतकीच ती माणसाने घडवलेली वस्तू आहे आणि तिचे आयुष्य बहुतेक वाड्यांपेक्षा जास्त आहे. आज या गावांच्या शिवारात ज्या नव्या वसाहती उठत आहेत त्यांची नावे इंग्रजी दऱ्याखोऱ्यांची असतात. विकणाऱ्याला ठाऊक आहे की कुंभ्याला भाव नाही.

आता बोरघाटाकडे वळू. या तालुक्याचा सारा इतिहास घाटाच्या पायथ्याचा इतिहास आहे. सातवाहनांच्या काळी देशावरचा माल कल्याण-सोपाऱ्याला उतरायचा तो याच डोंगररांगेतून. वर कार्ले, भाजे, बेडसे आणि खाली कोंडाणे ही लेणी त्या वाटेच्या कडेला उगाच कोरलेली नाहीत. १७७८च्या अखेरीस इंग्रजांच्या तोफा याच घाटाने वर चढल्या आणि पुढल्या जानेवारीत वडगावला नाक घासून परतल्या. घाटाच्या तोंडाशी खोपोलीला नाना फडणिसांनी महादेवाचे देऊळ आणि तलाव बांधला. घाट चढणाऱ्या नि उतरणाऱ्या थकल्या माणसाला पाणी हवे, हे त्या कारभाऱ्याला कळत होते. मग इंग्रजांनी गाडीरस्ता केला. तो नोव्हेंबर १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या हस्ते खुला झाला आणि त्याच रस्त्यावर कॅप्टन ह्यूज याने एक दगडी कमानींचा पूल बांधला.

हा पूल पुढे 'अमृतांजन पूल' म्हणून सर्वतोमुखी झाला, कारण त्याच्याजवळ डोकेदुखीच्या मलमाची जाहिरात होती. बांधणाऱ्याचे नाव विसरले गेले, मलमाचे राहिले. मला याचा राग नाही. लोक आपल्या सोयीने नावे ठेवतात, आणि घाटातल्या वळणांनी डोके धरलेल्या प्रवाशाला अमृतांजनाची आठवण व्हावी हे सयुक्तिकच आहे. दगडी कमानींचा तो पूल दिसला की लोणावळा आले असे समजून डुलक्या घेणारी मुले खडबडून उठायची. चार पिढ्यांच्या प्रवासाची ती खूण होती. खुणेलाच आपण इंग्रजीत 'लँडमार्क' म्हणतो आणि मग यादीत घालतो. हा पूल यादीत नव्हता.

५ एप्रिल २०२० रोजी तो सुरुंग लावून उडवण्यात आला.

तारीख लक्षात घ्या. देशभर टाळेबंदी लागून पुरते दोन आठवडेही झाले नव्हते. माणसे घरात कोंडलेली, वर्तमानपत्रे कित्येक गावी पोचत नव्हती, चौघांनी एकत्र उभे राहणे हाही गुन्हा होता. द्रुतगती मार्ग रिकामा आहे, तेव्हा काम उरकून घ्यावे, असा विचार झाला आणि एकशे नव्वद वर्षांचा पूल काही क्षणांत खाली आला. ज्यांना विरोध करायचा होता त्यांनी घरातल्या पडद्यावर त्याची चित्रफीत पाहिली.

पूल पाडणाऱ्यांची बाजू मी ऐकली आहे आणि ती पोकळ नाही. पुलाचे खांब द्रुतगती मार्गात उभे होते, त्यामुळे तिथे रस्ता अरुंद व्हायचा, वाहने तुंबायची, अपघात व्हायचे. अपघातात मेलेल्या माणसाच्या घरी जाऊन दगडी कमानींचे सौंदर्य सांगण्याची माझी छाती नाही. एका बाजूला माणसाचा जीव आणि दुसऱ्या बाजूला दगड, असा सामना असता तर मीही दगडाच्या विरुद्ध मत दिले असते. पण सामना तसा नव्हताच. खोपोलीपासून कुसगावपर्यंत सुमारे तेरा किलोमीटरचा नवा मार्ग, बोगदे आणि दरीवरचा पूल यांच्यासह, हे घाटाचे वळण टाळण्यासाठीच आखलेला होता आणि त्याचे काम २०१९ मध्येच सुरू झाले होते. जे वळण टाळायचे ठरले होते त्याच वळणासाठी पूल पाडला. मधल्या काही वर्षांच्या सोयीची किंमत एकशे नव्वद वर्षे!

बरे, पाडायचाच होता तर दगडावर आकडे घालून तो उतरवता आला असता. हे काही माझ्या डोक्यातले खूळ नव्हे. आस्वान धरणाच्या पाण्यातून अबू सिंबेलची अख्खी देवळे कापून १९६४ ते १९६८ या काळात वर नेऊन बसवली. ते परदेशाचे उदाहरण नको असेल तर आपल्याच देशात कृष्णेवरचे धरण होताना नागार्जुनकोंड्याचे अवशेष उचलून उंचावरच्या टेकडीवर मांडले. ते धरण बांधणारा देश आजच्या मानाने किती गरीब होता! त्या गरिबीत जे सुचले ते आजच्या सुबत्तेत सुचू नये याचे कारण पैसा नव्हे. कारण एवढेच की पूल कोणाच्या खातेवहीत 'वारसा' म्हणून चढलेला नव्हता. १९५८चा केंद्राचा कायदा आहे, १९६०चा राज्याचा कायदा आहे. दोन्ही कायदे विचारतात, यादीत आहे का? नाही? मग तो अडथळा. आणि अडथळा दूर करणाऱ्याचे आपल्याकडे कौतुक होते.

त्याच घाटात, जुन्या रस्त्यावर, शिंग्रोबाचे लहानसे देऊळ आहे. आख्यायिका अशी की घाटातून वाट काढता येईना तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने साहेबांना वाट दाखवली, आणि काम झाल्यावर बक्षीस म्हणून त्याला गोळी मिळाली. ही कथा कागदोपत्री सिद्ध होते की नाही याची मला फिकीर नाही. मला दिसते ते हे की मालमोटारीचा ड्रायव्हर, मग तो पंजाबी असो की तमिळ, तिथे वेग कमी करतो आणि एक नाणे टाकतो. सरकारी पाटी नाही, तिकीट नाही. केवळ या नाण्यांवर एका धनगराची आठवण उभी आहे. आमच्या इतिहासकारांपेक्षा हा ड्रायव्हर इमानी म्हटला पाहिजे.

कारण घाटातल्या आगगाडीचा इतिहास आपण कसा सांगतो पाहा. इंजिनियर बर्कली, कंत्राटदार फॅव्हिएल, त्याच्यानंतर आलेला आणि आल्यावर काही आठवड्यांतच मेलेला सॉलोमन ट्रेडवेल, आणि त्याचे अपुरे काम पुरे करून घेणारी त्याची विधवा अॅलिस ट्रेडवेल. खरोखरच अद्भुत कथा आहे ही. त्या बाईची तर विशेष. १८५६ साली काम लागले, १८६३ साली पुरे झाले. पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल, साडेपंधरा मैलांत अठराशे फुटांवर चढण. या कामावर जानेवारी १८६१ मध्ये बेचाळीस हजार माणसे राबत होती. बेचाळीस हजार! त्या वेळी एवढी वस्ती असलेली गावे कोकणात किती होती? सुरुंगाची छिद्रे पाडायला त्यांना कड्यावरून दोराने सोडत. पटकी आली की ती झोपड्यांच्या रांगाच्या रांगा घेऊन जायची. यातली हजारो माणसे मेली. त्यांच्यापैकी एकाचेही नाव घाटात कुठे कोरलेले नाही. गाडी बोगद्यात शिरली की मुले ओरडतात. त्या बोगद्यांची संख्या सांगणारे बाप पुष्कळ भेटतात, पण ते कोणी खणले हे सांगणारा बाप मला अजून भेटायचा आहे.

आणि याच बाबतीत दोन हजार वर्षांपूर्वीचे लोक आपल्यापेक्षा सरस ठरतात, हे कोंडाण्याला गेल्यावर कळते. राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात, ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास कोरलेले हे चैत्यगृह आणि विहार आहेत. लाकडी घराची हुबेहूब नक्कल दगडात उतरवलेली. खांब पाण्याने खाऊन टाकलेले, काही नुसते वर लोंबणारे. वर, दर्शनी भिंतीवर, नाचणाऱ्या जोडप्यांचे पट्टे अजून टवटवीत आहेत. चैत्याच्या दर्शनी भागाशी एका भग्न मूर्तीचे शीर आहे आणि त्याच्याजवळ ब्राह्मीत एक छोटासा लेख: कण्हाचा शिष्य बालक याने हे केले. बस, एवढेच. ना राजाचे नाव, ना दानाचा आकडा. एका कारागिराने आपले नि आपल्या गुरूचे नाव ठेवले आणि ते टिकले. बेचाळीस हजारांच्या वाट्याला एवढेही आले नाही. कोंडाणे केंद्राच्या संरक्षित यादीत आहे, ही यादीची जमेची बाजू मी नाकारीत नाही. पण पावसाळ्यात तिथे जाऊन पाहावे. चैत्याच्या तोंडावरून पाण्याची धार पडते आणि शे-दोनशे माणसे त्या धारेखाली आंघोळ करीत असतात. यादीने त्यांना धबधब्याचा पत्ता दिलेला असतो; बालकाचा दिलेला नसतो. त्यांना दोष देऊन काय उपयोग?

यादीला खरे आणि खोटे यांतला फरकही कळत नाही. कर्जत-चौकच्या बाजूला २००५ पासून चित्रपटासाठी उभारलेले राजवाडे आणि किल्ले आहेत. एका गाजलेल्या चित्रपटासाठी तिथे आग्र्याचा किल्लाच उठवला होता. ती कारागिरी नामी होती, तिच्यामागची कल्पकता मोठी होती, आणि त्यावर पुष्कळ स्थानिक माणसांचे पोट चालले. त्याबद्दल आदरच आहे. पण लोक तिकीट काढून कर्जतला आग्रा पाहायला येतात आणि तिथून थोड्या अंतरावरच्या कोथळीगडाच्या सुळक्यात आतून कोरून काढलेला जिना त्यांना माहीत नसतो, तेव्हा चूक प्लास्टरची नसते. प्लास्टरच्या आग्र्याला छप्पर आहे, पंखा आहे, फोटोसाठी जागा आखून दिलेली आहे. दगडाने एवढी सरबराई कधी केली नाही.

आता माझे गडप्रेमी मित्र मान डोलावू लागले असतील. त्यांनी जरा थांबावे. त्यांचीही एक यादी आहे आणि तीही मला मान्य नाही. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात गेले, अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. आनंदाची गोष्ट आहे. पण त्या दिवसापासून उरलेल्या किल्ल्यांना 'बारांत नसलेले' असे एक नवे हीन नाव मिळाले आहे. आणि किल्लाच कशाला? फेब्रुवारी १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी कारतलबखान आणि रायबागन यांची अख्खी फौज जिथे अडकवली ती उंबरखिंड याच तालुक्यात, चावणी गावाजवळ आहे. तिथे तट नाही, बुरूज नाही. झाडी, अंबा नदीचे पात्र आणि दोन्ही बाजूंचे डोंगर, एवढाच सरंजाम. शत्रू खाली उतरला, पुढची वाट बंद, मागची बंद, पाणी बंद. रायबागनने सल्ला दिला, खानाने शरणागती पत्करली, सामान टाकून देऊन माणसे निघून गेली. इथला किल्ला म्हणजे भूगोलच होता. म्हणून त्या खिंडीतले स्मारक जपून भागायचे नाही. सभोवतालचे रान जपले पाहिजे. रान कापून तिथे चकचकीत चौथरा बांधला तर लढाईच पुसली जाईल, कारण त्या लढाईत रान हाच निम्मा सेनापती होता.

गडांच्या यादीत इर्शाळगडही आहे. सुळक्याला आरपार भोक आहे, नेढे म्हणतात त्याला. त्यात उभे राहून काढलेली छायाचित्रे घरोघरी आहेत. वर जाणारी वाट इर्शाळवाडीतून जायची. ठाकरांची वाडी. शहरातून येणारे गिर्यारोहक तिथे पाणी प्यायचे, पिठले-भाकरी खायचे, वाटाड्या घ्यायचे. वर्षानुवर्षे हजारो सुशिक्षित माणसे त्या वाडीतून वर गेली आणि खाली आली. वाडीला मोटारीचा रस्ता नव्हता हे त्या सर्वांनी पाहिले होते. त्यांना त्यात गंमत वाटायची, कारण रस्ता नसलेले ठिकाण यादीत वरच्या क्रमांकावर असते. १९ जुलै २०२३च्या रात्री, मुसळधार पावसात, डोंगराचा कडा वाडीवर कोसळला. यंत्रे वर जाऊ शकली नाहीत. माणसे चिखलातून चढली आणि फावड्यांनी व हातांनी उकरू लागली. चढता चढता एका अग्निशमन अधिकाऱ्याचे हृदय बंद पडले. सत्तावीस मृतदेह हाती लागले. सत्तावन्न माणसे बेपत्ता म्हणून शोध चार दिवसांनी थांबवण्यात आला, आणि ती मातीखाली तशीच राहिली.

त्या आठवड्यात वृत्तपत्रांनी इर्शाळगडाचा इतिहास छापला. गडाची उंची, नेढ्याचा आकार, पाण्याची टाकी. वाडीचा इतिहास कोणी छापला नाही, कारण तो कोणी विचारलाच नव्हता. किती पिढ्यांपासून ही माणसे तिथे राहत होती, वर का राहिली, खाली जमीन का मिळाली नाही, डोंगराच्या कोणत्या बाजूचे पाणी कसे वाहते हे त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांना काय ठाऊक होते, या साऱ्याची नोंद त्या रात्री त्यांच्याबरोबर गाडली गेली. गड 'ऐतिहासिक' आणि वाडी 'वाटेत लागणारी', ही विभागणी निरुपद्रवी वाटत असेल तर तिचा उपद्रव कुठवर जातो ते इथे मोजून पाहावे. ज्या स्थळी जायचे तिथली माणसे स्थळाचा भाग नाहीत, असे एकदा ठरले की त्यांना रस्ता हवा की नाही, त्यांनी तिथे राहावे की नाही, हा प्रश्न पर्यटनाच्या कक्षेबाहेर जातो. आणि दुसऱ्या कोणाच्या कक्षेत तो आलेला नसतो.

या लिखाणाला काय उत्तर मिळेल ते मला ठाऊक आहे. एक उत्तर असे की खात्यांकडे माणसे नाहीत, पैसा नाही, प्रत्येक दगड कोण जपणार? पैसा नाही हे मी मानायला तयार नाही. स्थळांना वर्ग आहेत. वर्ग मिळाला की निधी येतो. निधी आला की त्याची कमान होते, बाक होतात आणि जमिनीवर रंगीत फरश्या बसतात. जुन्या तलावाची पायरी खचलेली असते, तिच्यासमोर नवी कमान झळकते. पायरी बसवायला पाथरवट लागतो आणि पाथरवटाचे बिल फार लहान येते, ही त्याची मुख्य अडचण. दुसरे उत्तर असे की सारेच स्मारक म्हणू लागलात तर गावाने राहायचे कुठे? हा आक्षेप मात्र गंभीर आहे, आणि संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरांच्या आत आपल्याच घराची भिंत वाढवायला बंदी झालेल्या शेतकऱ्याने तो घेतला तर मी त्याच्या बाजूने उभा राहीन. पण मी काय मागतो आहे ते पाहावे. मी कुंपण मागत नाही, तिकीटघर तर मुळीच नाही. मी नोंद मागतो आहे. ग्रामपंचायतीच्या दप्तरात सातबारा आहे, जन्ममृत्यू आहे, घरपट्टी आहे. तिथे एक वही अशी असावी की जीत गावातली बारव, तळे, वीरगळ, जुना दगडी पूल, देवराई, वाडीवस्तीची जुनी जागा यांची नावे असतील, आणि त्यातली एखादी पाडायची तर आधी ग्रामसभेत उभे राहून कारण सांगावे लागेल. ५ एप्रिलसारखा दिवस गाठून पाडता येणार नाही, एवढे बंधन मला पुरे आहे.

अशी वही कुंभिवलीने आधी करावी असे मला वाटते, कारण तिथे 'काही नाही'. जिथे काही नाही असे मानले जाते तिथे माणूस मोकळ्या नजरेने पाहू शकतो. खोपोलीला ते जड जाईल; तिथे इतके काही आहे की लोकांना ते दिसेनासे झाले आहे. लोणावळ्याच्या तलावांचे पाणी सतराशे फूट खाली आणून टाटांनी १९१५ साली तिथे वीज काढली आणि मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर फिरल्या. पुढे १९२२ साली कर्जत तालुक्यात भिवपुरीलाही वीजघर उभे राहिले. आणि १९४२ साली माथेरानच्या भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने याच मुलखातले विजेचे मनोरे आडवे करून परक्या सरकारची झोप उडवली. २ जानेवारी १९४३ला सिद्धगडावर कोतवाल आणि हिराजी पाटील गोळ्यांना बळी पडले. वीज आणणारेही इथलाच इतिहास आणि ती तोडणारेही इथलाच. शाळेच्या पोरांना हे दोन्ही एकाच दिवशी, एकाच मनोऱ्याखाली उभे करून सांगता येईल. पण सहल निघते ती करमणुकीच्या बागेकडे.

खोपोलीच्या स्टेशनाचेच घ्या. कर्जतहून येणारी छोटी लोकल तिथे थांबते आणि परत जाते; प्रवासी समजतात की हा कुठलातरी उपेक्षित फाटा. वस्तुतः १८५६ साली आगगाडी इथवर आली तेव्हा पुण्याला रूळही पोचला नव्हता. १८५८ साली पुण्याहून खंडाळ्यापर्यंत गाडी सुरू झाली, आणि पुढली पाच वर्षे मुंबईहून पुण्याला जाणारा प्रत्येक प्रवासी खोपोलीला उतरून पालखीत, तट्टावर किंवा पायी घाट चढायचा आणि वर दुसरी गाडी धरायचा. लाटसाहेब असो की भिक्षुक, खोपोलीला उतरल्याशिवाय गत्यंतर नव्हते. हे सांगणारी एक पाटी त्या फलाटावर लावायला चार खिळे आणि एक परवानगी लागेल. खिळे मी देतो. परवानगी कोणत्या खात्याकडे मागायची, एवढे कोणी जाणकाराने कळवावे.